शालीऐवजी एक टेबल टाका

प्रति,
दहावी-बारावीच्या मुलांचे गुणगौरव समारंभ भरवणारी ठाणे आणि नवी मुंबईतली सर्व मंडळे, प्रतिष्ठाने आणि त्यांचे कार्यकर्ते

विषय: प्रमुख पाहुणा म्हणून येण्यास नकार, आणि एक मागणी

मंडळींनो, सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्यातले चौघे घरी येऊन गेले. पेढे आणले होते, पत्रिकेचा नमुना आणला होता. पत्रिकेवर माझा फोटो, खाली ‘तुर्भ्याच्या झोपडपट्टीतून आयटीआयच्या संचालकपदापर्यंत’ आणि त्याखाली जाड ठशात ‘शून्यातून विश्व’. आधी चूक दुरुस्त करतो. मी शिल्प निदेशक आहे, म्हणजे वीजतंत्रीच्या वर्कशॉपमध्ये पोरांना वायर सोलायला शिकवणारा मास्तर. संचालक वेगळे असतात. हे बॅनर त्यांच्या नजरेला पडलं तर मला नोटीस येईल. आणि विश्व म्हणाल तर वन आरके आहे, त्याचेही हप्ते चालू आहेत.

तुम्ही हसलात, मीही हसलो. पण निघताना तुमच्यातला एक जण म्हणाला, “सर, पोरांना तुमचा संघर्ष सांगा. वीसेक मिनिटं. डोळ्यांत पाणी आलं पाहिजे.” ते वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून तोंडी ‘बघतो’ म्हटलं होतं त्याचं उत्तर लेखी देतोय. मी येणार नाही. राग तुमच्यावर अजिबात नाही, आणि हे पत्र तुमच्या एकट्या मंडळालाही नाही. जून उजाडला की कळव्यापासून नेरूळपर्यंत चौकाचौकात हे बॅनर लागतात, त्या सगळ्यांसाठी आहे.

गुणगौरव समारंभ मी पहिल्यांदा पाहिला २००१ साली. तिथे मी मंचामागे होतो. त्याच महिन्यात दहावीचा निकाल लागला होता आणि माझं गणित राहिलं होतं. घरात बसून राहण्याची सोय नव्हती, म्हणून एका मंडपवाल्याकडे खुर्च्या मांडायला लागलो, दिवसाला चाळीस रुपये आणि एक वडापाव. तिसऱ्याच दिवशी ज्या समारंभाच्या खुर्च्या मी मांडल्या, त्याच्या मंचावर माझ्याच वर्गातली तीन पोरं शाल-श्रीफळ घ्यायला चढली. मी कापडाच्या फटीतून बघत होतो. हेवा वाटला का? वाटला. खोटं कशाला बोलू.

मग पाऊस आला. ताडपत्री फुगली, आणि पाहुण्यांचं भाषण रंगात आलं असताना हॅलोजन गेले. लाइटवाले काका शिडीवर चढले आणि खाली बघून ओरडले, “ए पोरा, बॅटरी धर.” मी धरली. त्यांनी फ्यूजचा किटकॅट काढला, जळलेली तार झटकली, तांब्याची नवी काडी वळवून घातली. दिवे आले आणि गेले. परत तेच. तिसऱ्यांदा ते फ्यूजच्या नादाला लागलेच नाहीत. तारेवरून हात फिरवत फिरवत मंडपाच्या पार दुसऱ्या टोकाला गेले, एका खांबापाशी टेप गुंडाळलेला जॉइंट भिजला होता तो सोडवला, पुसला, पुन्हा बांधला. मी मागोमाग बॅटरी धरून. खाली उतरल्यावर मी विचारलं, “पाणी तर या खांबात शिरलं होतं, मग फ्यूज त्या टोकाचा का उडतो?”

काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाले, “बॅटरी हलवत नाहीस तू. बाकीची पोरं हलवतात. उद्या गोदामावर ये.”

माझी गुणवत्ता ती एवढीच, मंडळींनो. बॅटरी हलवली नाही.

आता संघर्ष ऐकायचाच असेल तर तोही सांगतो, पण वीस मिनिटं लागणार नाहीत. आमचं मूळ गाव जालना जिल्ह्यात. मी चार वर्षांचा असताना आई-बाप तुर्भे स्टोअरला आले. लोक ज्याला वाशी मार्केट म्हणतात ते आहे तुर्भ्यातच. तिथे बाप बदलीवर गोण्या उचलायचा. हमालांचे पुढारी अण्णासाहेब पाटलांनी झगडून १९६९ साली माथाडी कायदा आणला, त्याने कितीतरी घरं उभी राहिली. पण तो नोंदलेल्या कामगाराला. बाप नोंदणीत कधी लागलाच नाही. टोळीतला कुणी गावाला गेला, आजारी पडला की त्याच्या जागी हा. माय धान्याच्या गाळ्यांपुढे सांडलेलं झाडून आणायची. मातेरं. संध्याकाळी दारात सूप घेऊन बसायची. पाखडलं की आधी फोलपटं उडायची, मग माती खाली बसायची, मग ती बोटाने खडे वेचायची. तांदूळ, तूरडाळ, गहू, कधी दोन-चार शेंगदाणे, सगळं एकात एक. ती त्याच्या चार ढिगल्या करायची. मला अजूनही जेवताना घास हळू चावायची सवय आहे. बायको म्हणते, आता तरी नीट जेवा. खडा लागेल ही धास्ती मात्र जात नाही.

घरात वीज होती, म्हणजे आकडा टाकलेला होता. बापाच्या खांद्याला गोणी ओढायचा लोखंडी आकडा, डोक्यावर तारेवर टाकलेला आकडा. आज मी पोरांना विद्युत सुरक्षेचा धडा शिकवतो तेव्हा आमच्या पत्र्याला पावसाळ्यात येणाऱ्या मुंग्या आठवतात. भावंडांनी पत्र्याला हात लावून कुणाला जास्त झिणझिण्या येतात याच्या पैजा लावायच्या, हा आमचा खेळ होता. कुणी मेलं नाही, याला नशीबच म्हणायचं.

मला दर ठिकाणी विचारतात, “सर, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केलात का?” नाही केला. कुणी करून दाखवावाच. तिथे डास असतात, कुत्री असतात, रात्री दहानंतर दारुडे असतात, आणि शेजारून ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे ट्रक जातात. ऑक्टोबरच्या परीक्षेचा अभ्यास मी मंडपवाल्याच्या गोदामात केला. काकांनी मालकाला सांगून किल्ली माझ्याकडे ठेवायला लावली. सतरंज्यांच्या थप्पीवर बसायचं, वर साठचा पिवळा बल्ब, बुरसट वास. पण दार आतून लावता यायचं. आठ बाय दहाच्या खोलीत सहा माणसांत वाढलेल्या पोराला आतून लावता येणारं दार म्हणजे काय, हे मंचावरून सांगून कळत नाही.

गणित सुटलं. आयटीआय नावाची गोष्ट असते हेही काकांनीच सांगितलं. स्वतः ते सातवी नापास. त्यांना वीजकामाचा परवाना नव्हता, त्यामुळे परवाना असलेल्यांचा त्यांना भयंकर राग, आणि म्हणूनच मी तो काढावा ही त्यांची ईर्षा. संत वगैरे नव्हते. संध्याकाळी प्यायचे, शिव्या द्यायचे, माझे दोन महिन्यांचे पैसे एकदा त्यांनीच खाल्ले. पण टेस्टर त्यांनी दिलेला, तो अजून माझ्या खिशात असतो.

मग आला जातीचा दाखला. आम्ही भटक्या-विमुक्तांपैकी. म्हणजे २१ नोव्हेंबर १९६१ या तारखेला किंवा त्याआधी आमचं कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं, याचा कागद पाहिजे. दाखला मिळणार कुठे, तर त्या तारखेला वाडवडील जिथे राहत होते तिथे. बाप शाळेत गेलेला नाही, आजाही नाही. बापाने चार दिवसांची मजुरी बुडवली, मला घेऊन गावी गेला. जालना जिल्हाच मुळात १९८१ साली औरंगाबादमधून वेगळा झालेला, त्यामुळे जुनं दप्तर कुठल्या कपाटात आहे हे सांगणारा माणूस भेटायलाच दोन दिवस गेले. शेवटी तहसील कचेरीतल्या एका कारकुनाने, जेवणाचा डबा उघडता उघडता, विचारलं, “घरात कुणीच शाळेत गेलं नाही का? चुलता, आत्या, कुणी?” थोरले चुलते दोन यत्ता शिकले होते! गावच्या शाळेत त्यांच्या प्रवेश-निर्गमाचा उतारा सापडला, १९५८ सालचा. त्यात जात लिहिलेली होती. चुलते पुढे शाळा सोडून गुरं राखायला गेले, पण त्या दोन वर्षांवर माझा दाखला निघाला. त्या कारकुनाने तो प्रश्न विचारला नसता तर मी काय केलं असतं, हे मला खरंच सांगता येत नाही.

पुढचं भरभर सांगतो. २००२ ते २००४ ठाण्यात आयटीआय, रोज बसने. ठाणे-तुर्भे-वाशी लोकल सुरू झाली नोव्हेंबर २००४ मध्ये, माझं शिक्षण संपल्यावर बरोबर तीन महिन्यांनी. रेल्वेने माझी वाट पाहिली नाही आणि मी तिची. मग टीटीसी या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात वर्षभर अप्रेंटिस. विद्यावेतनातून साठवलेल्या पैशांतून घरी रीतसर मीटर घेतला. पहिलं बिल आलं तेव्हा माय म्हणाली, “आकडाच बरा होता.” पुढे आठ वर्षं पाळ्या केल्या, मधे परवाना काढला, मग निदेशकाचं प्रशिक्षण घेतलं, नोकरीला लागलो. या सगळ्यात मेहनत होती, झोप कमी होती. पण ती तर अवघ्या तुर्भ्यात होती.

माझ्या बाकावर बसणारा एक मित्र होता. गणितात माझ्यापेक्षा कितीतरी पुढे. मी नापास झालो त्या परीक्षेत तो पहिल्या वर्गात आला. खुर्च्या मांडताना फटीतून ज्यांना पाहिलं त्या तिघांतला एक तोच. शाल घेतली, टाळ्या घेतल्या, आणि पुढच्या सोमवारपासून मार्केटमध्ये टेम्पो भरायला लागला, कारण वडील गेले होते आणि मागे तीन बहिणी होत्या. ती शाल त्याच्या आजीने कितीतरी वर्षं पांघरली. आज तो टेम्पो चालवतो. स्वतःचा आहे, बहिणींची लग्नं केली, माणूस उमदा आहे. जिद्द म्हणाल तर माझ्या दुप्पट. तुम्ही पाठवलेला पत्रिकेचा फोटो मी त्याला दाखवला. चहा पीत त्याने ‘शून्यातून विश्व’ वाचलं आणि म्हणाला, “तुझं विश्व झालं. मग आम्ही काय शून्य का रे?”

मंचावर उभं राहून मी ‘जिद्द असेल तर काहीही शक्य आहे’ म्हटलं, की समोर बसलेल्या शंभर पोरांना मी दुसरंही एक वाक्य ऐकवत असतो: तुमचे आई-बाप जिथे आहेत तिथेच राहिले, कारण त्यांच्यात जिद्द नव्हती. हे मला म्हणायचं नाही. क्विंटलची गोणी पाठीवर घेऊन फळी चढणाऱ्या माणसाला जिद्दीवर व्याख्यान देण्याची माझी लायकी नाही.

आता मी रोज काय बघतो ते सांगतो, कारण खरी मागणी त्यातून येते. प्रवेशाच्या काळात माझी ड्यूटी कागदपत्रांच्या टेबलावर असते. मागे एक मुलगा आला, घणसोलीचा, गुण चांगले, वीजतंत्रीला सहज लागला असता. सायबर कॅफेवाल्याने अर्ज भरताना स्वतःचाच मोबाइल नंबर टाकला होता. जागा मिळाल्याचा मेसेज गेला कॅफेवाल्याच्या फोनवर, त्याने तो पाहिलाही नसेल. मुदत संपली, जागा गेली. पोरगं मला विचारत होतं, “सर, पण माझा नंबर लागला होता ना?” हो, लागला होता. एका मुलीचा उत्पन्नाचा दाखला मार्चमध्येच संपला होता आणि नवा काढायला बापाला दोनदा सुट्टी मिळेना. तिसरा आपला फेरपरीक्षेचा. २०१५ पासून नापासांची परीक्षा जून-जुलैत होते, वर्ष वाचतं, चांगली गोष्ट आहे; पण तो निकाल येईपर्यंत प्रवेशाच्या सुरुवातीच्या फेऱ्या उरकलेल्या असतात, आणि उरलेल्या जागांची बातमी पोराला कुणी सांगतच नाही. हल्ली गुणपत्रिकेवर ‘नापास’ लिहीत नाहीत, ‘कौशल्य विकासास पात्र’ असं लिहितात. छान शब्द आहेत. पात्र झालेल्या पोराला नेमकं कुठे जायचं, तेवढं मात्र त्यावर लिहिलेलं नसतं.

आत आलेलेही टिकतातच असं नाही. पहिले तीन महिने घातकी. बॉयलर सूट, बूट, ड्रॉइंगचं सामान, बसचं भाडं, आणि समोर भिवंडीच्या गोदामात रोख मजुरी देणारा मुकादम. आमच्याकडे सुरुवातीलाच जिन्याचं वायरिंग शिकवतात: एक दिवा, दोन बटणं, एक खाली एक वर, कुठूनही लावा कुठूनही विझवा. मी शिकलो तेव्हा आमच्या घराला जिना सोडा, धड उंबरठाही नव्हता. गेल्या वर्षी दिघ्याच्या एका पोराने ते पहिल्या फटक्यात जोडलं, आणि पुढची दहा मिनिटं तो नुसता बोर्डाच्या या टोकाहून त्या टोकाला जाऊन बटणं दाबत होता. मी काही बोललो नाही. दिवाळीनंतर तो आला नाही. फोन केला तर म्हणाला, “सर, रात्रपाळी लागलीय, सकाळी उठवत नाही.”

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाचं कॉलेज आपल्या वाशीत आहे. त्या माणसाने १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं आणि ते चालावं म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं, मंगळसूत्रासुद्धा, मोडलं. पोरांना जेवण, अंथरूण आणि छप्पर दिलं. हारतुऱ्यांची आठवण कुणी सांगत नाही.

तर मागणी अशी. निकालाच्या दिवसापासून प्रवेशाची शेवटची फेरी संपेपर्यंत मंडळाच्या कार्यालयाबाहेर एक टेबल टाका. त्यावर एक प्रिंटर, एक लॅपटॉप, आणि अर्ज कसा भरतात हे ठाऊक असलेलं, कॉलेजात जाणारं एखादं पोरगं. प्रत्येक अर्जात मुलाचा किंवा आईचा स्वतःचा नंबर. दाखला संपतोय का हे एप्रिलमध्येच बघायचं. जातीच्या दाखल्यासाठी कुणाच्या कुठल्या चुलत्याचं नाव कुठल्या शाळेत आहे, हे विचारायला एखादा निवृत्त कारकून मिळाला तर सोन्याहून पिवळं. आपल्या वस्तीतले असे दोघे तरी मला माहीत आहेत, पत्त्यांचा डाव सोडून येतील.

कार्यालय रात्री आठनंतर नुसतं कुलूप लावून पडलेलं असतं. त्याची किल्ली पोरांच्या हातात द्या. पंखा, ट्यूब, सतरंजी एवढं बास. आतून कडी हवी.

आणि नापास झालेल्यांची यादी कुठून आणायची असं विचारू नका. गणपतीची वर्गणी तुम्ही एकही घर न चुकवता आणता, मतदारयादी तुम्हाला घरानिशी पाठ आहे. कुणाचं पोरगं यंदा दहावीला होतं आणि कुणाच्या घरून पेढे आले नाहीत, हे तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

सत्कार बंद करा असं मी म्हणत नाही. पहिल्या रांगेत बसलेली आई पोरीचं नाव पुकारल्यावर पदर सावरते, तो क्षण तिच्याकडून काढून घेणारा मी कोण? तो अर्धा तास जरूर करा. माझी वीस मिनिटं तेवढी वाचवा. माझा सत्काराचा खर्च, शाल, ट्रॉफी, फोटोचं बॅनर, सगळं मिळून जे काही होत असेल त्यात किती बॉयलर सूट बसतात हा हिशोब तुमच्या खजिनदारांनी करावा. मापं मी देतो.

रविवारी मंचावर येणार नाही, पण सोमवारपासून रोज संध्याकाळी सात ते नऊ टेबलावर बसायला येईन. टेम्पोवाला मित्रही येतो म्हणालाय. नापास झालेल्यांची समजूत घालण्यापेक्षा पास झालेल्यांच्या बापांची समजूत घालायला तो जास्त कामाचा आहे, असं त्याचं स्वतःचं मत.

आपला,
शिल्प निदेशक (वीजतंत्री)
मूळ मुक्काम तुर्भे स्टोअर

ता. क. गेल्या वर्षी तुमच्या मंचावरचा माइक पाहुण्यांना झटका देत होता. लोक हसले, पण ते हसण्यावारी नेऊ नका. जूनचा पाऊस, लोखंडी मंच, जमिनीवरून गेलेल्या वायरी आणि वर लहान पोरं. मंडपवाल्याला सांगा, अर्थिंग नीट करायचं, मेन बोर्डावर तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप तोडणारा स्विच, लावायचा आणि एकही जॉइंट उघडा ठेवायचा नाही. शनिवारी संध्याकाळी मी टेस्टर घेऊन येतो आणि बघून जातो. कुणीतरी बॅटरी धरायला मात्र पाठवा.